जुने मेंडोलिन पारखून घेताना

आपल्या शाळेच्या संगीतकक्षात आज दोन मेंडोलिन आहेत. एक रोज वाजते. दुसरे खिडकीजवळच्या खुंटीला टांगलेले असते आणि वाजवण्यासाठी ते कोणी खाली काढत नाही. दोन्ही आम्ही माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून घेतली आणि दोन्ही जुनीच घेतली. पहिले घेताना आम्ही त्याचे रूप पाहिले. दुसरे घेताना त्याची पारख केली. या दोन खरेद्यांच्या मधल्या काळात जे शिकलो, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवीत आहोत.

दरवर्षी स्नेहमेळाव्यात कोणीतरी विचारतो, "शाळेला एखादे वाद्य द्यावे म्हणतो; जुने चालेल का?" पालकही विचारतात, की मुलाला वाद्याची ओढ आहे, नवे झेपत नाही, मग काय करावे? आमचे उत्तर एवढेच, की जुने अवश्य घ्यावे, पण तपासून घ्यावे. चांगले ठेवलेले जुने वाद्य त्याच किमतीच्या नव्यापेक्षा पुष्कळदा सरस ठरते. न तपासता घेतलेले वाद्य मात्र पैशांपेक्षा मोठे नुकसान करते. ते कसे, हे आधी सांगतो.

पहिल्या मेंडोलिनची हकिगत

मुंबईतील एका जुन्या वस्तूंच्या दुकानात ते आम्हाला दिसले. फुगीर पाठ, शिंपल्याची नक्षी, आत पिवळे पडलेले लेबल. "इटलीचे आहे, शंभर वर्षांपूर्वीचे," असे सांगण्यात आले आणि आम्ही हरखून गेलो. अडीच हजार रुपयांना सौदा झाला. हार्बरच्या गाडीत मांडीवर धरून ते आम्ही पनवेलला आणले.

सातवीतल्या एका मुलाने ते मागून घेतले. सकाळच्या वंदनेत त्याचा आवाज सर्वांत स्वच्छ लागत असे. सबंध पावसाळा तो संध्याकाळच्या अभ्यासाआधी अर्धा तास ते घेऊन बसे. बोटांना घट्टे पडले. पण पाचव्या पडद्याच्या पुढे गेला की त्याचा प्रत्येक सूर चढा लागे. आम्ही त्याला म्हणत राहिलो, "कान तयार कर, रियाज वाढव." दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याने वाद्य परत आणून ठेवले. "माझा हात याला लागत नाही," एवढेच तो म्हणाला.

पुढे दोन वर्षांनी एक जाणकार वादक शाळेत आले. त्यांनी ते मेंडोलिन डोळ्यांसमोर आडवे धरले आणि पाच मिनिटांत निर्वाळा दिला, की याची मान पुढे वाकली आहे आणि यावर कोणाचाही सूर लागणार नाही. दोष लाकडाचा होता. तो आम्ही एका तेरा वर्षांच्या मुलाच्या कानावर ढकलला होता.

ज्या घरात पिढ्यान्पिढ्या वाद्य आहे, त्या घरातले मूल बेसूर वाद्य ओळखते आणि बाजूला ठेवते. ज्याच्या घरात वाद्य पहिल्यांदाच आले आहे, ते मूल वाद्याला दोष देत नाही, स्वतःला देते. आपल्या शाळेतील बहुतेक मुले या दुसऱ्या प्रकारच्या घरांतून येतात. म्हणून पारख करण्याची जबाबदारी मोठ्यांची आहे.

वाद्याची ओळख

आपल्याकडे जलशात तुणतुणे एका तारेवर सूर धरून असे. मेंडोलिनला आठ तारा असतात. पण त्या दोन-दोनच्या चार जोड्या असून प्रत्येक जोडीतील दोन्ही तारा एकाच सुरात लावतात. जाड तारेपासून बारीक तारेकडे या जोड्यांचे सूर जी, डी, ए आणि ई असे असतात. व्हायोलिनचे सूरही हेच. आपल्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक जोडी आधीच्या जोडीचा पंचम असते. पिकने छेडलेली तार फार वेळ घुमत नाही; म्हणून वादक तीच जोडी झपाट्याने वरखाली छेडतो आणि सूर थरथरत लांब राहतो. जुन्या हिंदी चित्रपटगीतांतून ही थरथर आपण सर्वांनी ऐकली आहे.

हळदीच्या किंवा मिरवणुकीच्या पथकांत वाजणारा आपल्या भागातला 'बेंजो' हे निराळे वाद्य आहे. ते बुलबुलतरंग असून त्याला टंकयंत्रासारखी बटणे असतात. जाहिरात वाचताना किंवा फोनवर बोलताना हा घोटाळा होऊ शकतो. म्हणून आधी छायाचित्र मागवावे.

मेंडोलिनचा फुगीर पाठीचा प्रकार अठराव्या शतकात इटलीतील नेपल्स येथे रूढ झाला. अमेरिकेत ऑर्व्हिल गिब्सन याने व्हायोलिनप्रमाणे कोरलेल्या तबलीचे मेंडोलिन घडवले आणि 1898 मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले. सपाट पाठीचा साधा प्रकारही आहे. आपल्या बाजारात कमी किमतीत बहुधा सपाट पाठीची भारतीय वाद्ये किंवा परदेशी कारखान्यांत तयार झालेली फुगीर पाठीची जुनी वाद्ये मिळतात. भारतीय वाद्यांत कोलकात्याच्या गिब्टोन, गिव्हसन या नावांची मेंडोलिन आढळतात. गिव्हसन म्हणजे गिब्सन नव्हे, हे लेबल वाचताना ध्यानात असावे.

या वाद्याने साध्या घरांतली माणसे मोठी केली आहेत. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील लक्ष्मीकांत कुडाळकर यांचे बालपण विलेपार्ल्यात गरिबीत गेले आणि मेंडोलिनवादक म्हणूनच त्यांनी चित्रपटसंगीतात पाऊल टाकले. संगीतकार सज्जाद हुसेन यांनी याच वाद्यावर हिंदुस्थानी संगीत वाजवून दाखवले. आंध्र प्रदेशातील यू. श्रीनिवास यांनी बालपणी वडिलांचे मेंडोलिन हाती घेतले आणि पुढे कर्नाटक संगीतात या परक्या वाद्याला मानाचे स्थान मिळवून दिले. त्यांचीही सुरुवात दुसऱ्याच्या वापरलेल्या वाद्यावरच झाली होती.

आधी मान, मग बाकी सर्व

पारखायला जाताना चार वस्तू सोबत न्याव्यात: एक फूटपट्टी, ट्यूनर असलेला मोबाईल, एटीएम कार्डासारखी दोन जुनी कार्डे आणि एक पिक. शक्य असल्यास सुराचा कान असलेली व्यक्ती न्यावी. ती मेंडोलिन वाजवणारी नसली तरी चालेल. पेटी वाजवणारी असली तरी पुरे.

तारा योग्य सुरात ताणल्या म्हणजे आठही तारांचा मिळून ताण साधारण सत्तर ते ऐंशी किलो होतो. या लहानशा वाद्यावर तो रात्रंदिवस असतो. जुन्या मेंडोलिनचे बहुतेक मोठे दोष या ताणातूनच जन्मतात. म्हणून पहिली तपासणी मानेची.

वाद्याचा माथा डोळ्यांजवळ धरावा आणि पडद्यांच्या कडेने पेटीच्या दिशेने पाहावे, जसा सुतार फळी पाहतो. कड सरळ दिसली पाहिजे. मध्ये खोलगट भाग, फुगवटा किंवा पीळ दिसला, तर सावध व्हावे. नंतर एक तार पहिल्या पडद्यावर आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबावी. ताणलेली तार हीच आपली सरळ रेघ. मधल्या पडद्यांपाशी तार आणि पडदा यांत कागदाएवढी फट असणे इष्ट. त्याहून बरीच मोठी असेल, तर मान वाकलेली आहे. आजच्या अनेक वाद्यांच्या मानेत लोखंडी सळई असते आणि ती फिरवून बाक काढता येतो. स्वस्त जुन्या वाद्यांत बहुधा ती नसते.

मान आणि पेटी जिथे जुळतात, तो सांधाही पाहावा. तिथे नख शिरेल अशी फट किंवा नव्याने भरलेला डिंक दिसला, तर मान पेटीपासून सुटू लागली आहे. फुगीर पाठीच्या वाद्यात ती पुन्हा बसवणे कष्टाचे आणि खर्चाचे असते. कित्येकदा खर्च वाद्याच्या किमतीहून अधिक होतो. हा दोष असेल, तर नक्षी कितीही सुंदर असो, वाद्य तिथेच ठेवून यावे.

तारांची उंची आणि अष्टकाची कसोटी

आता बाराव्या पडद्यापाशी तार पडद्यापासून किती वर आहे ते पाहावे. एका एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटरच्या किंचित वर असते. दोन कार्डे एकावर एक ठेवून अलगद मावली, तर उंची सुमारे दीड मिलिमीटर, म्हणजे उत्तम. किंचित अधिक असली तरी चालेल. चार कार्डे मावत असतील, तर लहान बोटांना ते वाद्य पेलणार नाही.

उंच तारेचा त्रास बोटांपुरता नसतो. तार दाबून पडद्यापर्यंत नेताना ती अधिक ताणली जाते आणि ताण वाढला की सूर चढतो. तार जितकी उंच, तितका सूर चढा. आमच्या त्या विद्यार्थ्याचे सूर याच कारणाने चढत होते.

हा दोष उघड करणारी कसोटी अशी. प्रत्येक जोडी आधी ट्यूनरवर सुरात लावावी. मग बाराव्या पडद्याच्या अगदी वर, तार न दाबता, बोट केवळ टेकवून छेडावे आणि लगेच बोट उचलावे. घंटेसारखा बारीक स्वर येतो. तो मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकातला असतो. आता तीच तार बाराव्या पडद्यावर दाबून वाजवावी. दोन्ही स्वर एक आले पाहिजेत. ट्यूनरवर अर्ध्या सुराच्या दहाव्या भागापर्यंत फरक दिसला, तर तो सहन करता येतो; त्याहून अधिक असेल, तर कारण शोधावे.

सर्वांत सोपे कारण घोडीचे. मेंडोलिनची घोडी चिकटवलेली नसते. तारांच्या दाबानेच ती जागेवर राहते आणि कोणाच्याही धक्क्याने सरकते. मानेच्या टोकाला तारा ज्या हाडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीवरून जातात, तिला नट म्हणतात. नटपासून बाराव्या पडद्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि बाराव्या पडद्यापासून घोडीपर्यंतचे मोजावे. ही दोन्ही जवळपास समान, घोडीकडचे केसभर अधिक, असायला हवीत. मेंडोलिनच्या तारेची वाजती लांबी साधारण 33 ते 35 सेंटिमीटर असते; म्हणजे प्रत्येक भाग साडेसोळा ते साडेसतरा सेंटिमीटर भरेल. घोडी सरकलेली असेल, तर तारा थोड्या सैल करून ती जागेवर आणता येते आणि त्याला काहीच खर्च नाही. घोडी जागेवर असून, तारा नव्या असूनही सूर चढत असेल, तर दोष पुन्हा उंचीकडे आणि मानेकडे बोट दाखवतो.

तबली, पेटी आणि आतला भाग

तबलीवर फूटपट्टी आडवी ठेवून पाहावी. फुगीर पाठीच्या वाद्यांत घोडीच्या मागे तबलीला मुद्दाम दिलेला बाक असतो. तो दोष नव्हे. घोडी आणि स्वरछिद्र यांच्या मधला भाग खचलेला दिसला, तर तो दोष आहे आणि मोठा आहे.

स्वरछिद्राची कड नीट न्याहाळावी. वरच्या लाकडाच्या रेषा कडेतून तशाच खाली उतरताना दिसल्या, तर तबली अखंड लाकडाची आहे. थर दिसले, तर ती प्लायवूडची. अखंड तबलीचा आवाज खुलतो. पण ती तडकतेही. प्लायवूडचा आवाज काहीसा दबका, मात्र वसतिगृहातील धावपळीत ते अधिक टिकते. म्हणून मुलांसाठी प्लायवूडला नाक मुरडण्याचे कारण नाही.

मोबाईलच्या उजेडात आत पाहावे. आधाराच्या पट्ट्या जागेवर आहेत का? बोटाच्या पेराने तबलीवर ठिकठिकाणी हलकेच टकटक करावी. कुठे झणझण ऐकू आली, तर आतली एखादी पट्टी सुटली आहे. जुन्या वाद्यांचे जोड बहुधा सरसाने केलेले असतात आणि सरस दमट हवेत मऊ पडतो. कोकणच्या पावसाळ्यात हे जोड सुटणे स्वाभाविक असून कुशल कारागीर ते पुन्हा जोडू शकतो. परंतु टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे आणि त्यांतून झडणारे पिठासारखे भुकटे दिसले, तर ती किडीची खूण. असे वाद्य आणू नये; ते शेजारच्या पेटीला आणि ढोलकीलाही बाधेल.

लेबलवरील नाव, गाव आणि साल यांवर किंमत ठरवू नये. लेबल चिकटवायला फार कष्ट लागत नाहीत. धम्मवंदनेत आपण रोज 'एहिपस्सिको' हा शब्द उच्चारतो: या आणि स्वतः पाहा. दुकानात उभे असताना आम्हाला तो आठवला नाही, याची खंत आजही आहे.

पडदे, चाव्या आणि तारा

प्रत्येक जोडी प्रत्येक पडद्यावर वाजवून पाहावी. याला दहा मिनिटे लागतात. विक्रेत्याने घाई केली तरी ती द्यावीत. एखाद्या पडद्यावर सूर मरतो किंवा झणझणतो का, हे ऐकावे. पहिल्या पाच पडद्यांवर तारांखाली खाचा पडलेल्या असतातच. उथळ खाचा घासून काढता येतात. खोल असतील, तर पडदे बदलावे लागतात आणि तो खर्च किमतीतून वजा करूनच बोलावे.

चाव्या चार-चारच्या दोन पट्ट्यांवर बसवलेल्या असतात. प्रत्येक चावी फिरवून पाहावी. ती अडखळते का, फिरवूनही तार हलत नाही असे होते का, सुरात लावल्यावर पाच मिनिटांत घसरते का? जोडीतील एक तार घसरली, की दोन तारांच्या मिलाफात लाटा उठतात आणि सूर हलतो. गंजलेल्या चावीला तेलाचा एक थेंब पुरतो. झिजलेली पट्टी बदलता येते.

तारा गंजलेल्या असतील, तर त्यांच्यावरून निर्णय करू नये. तारांचा नवा संच सोबत न्यावा किंवा विक्रेत्याला बसवायला सांगावा. मात्र जुन्या फुगीर पाठीच्या वाद्यावर जाड तारा कधीही चढवू नयेत. ती नाजूक तबली त्यांच्या ताणाने खचते. भगवंतांनी सोण भिक्खूला वीणेच्या तारांचा दृष्टान्त दिला, तो आपणा सर्वांना ठाऊक आहे. अतिताण आणि अतिसैलपणा या दोहोंपासून दूर राहणे वाद्यालाही लागू पडते.

घ्यावे की सोडावे

थोडक्यात सांगायचे तर तारा, घोडी, नट, चाव्या, सुटलेली एखादी पट्टी, उथळ झिजलेले पडदे हे दोष परवडणारे. वाकलेली मान, सुटलेला सांधा, खचलेली तबली, कीड हे न परवडणारे. पहिल्या यादीतले तीन दोष असूनही वाद्य घ्यावे. दुसऱ्या यादीतला एक असला तरी सोडावे. भाव करताना दोष मोकळेपणाने दाखवावेत. प्रामाणिक विक्रेता त्याने रागावत नाही. चोरबाजारात जायचे असेल, तर पनवेलहून हार्बरच्या गाडीने सँडहर्स्ट रोडला उतरावे. पण पहिल्याच फेरीत घेण्याचा हट्ट धरू नये.

घरी आणल्यावर ते बाहेरच्या ओल्या भिंतीला टांगू नये. जून ते सप्टेंबर पेटीत ठेवावे, सोबत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि आठवड्यातून एकदा तरी वाजवावे.

दुसरे मेंडोलिन

दुसरे मेंडोलिन आम्हाला पनवेलमध्येच, वाद्यवृंदातून निवृत्त झालेल्या एका वादकाच्या घरी मिळाले. सपाट पाठीचे, प्लायवूडचे, रंग उडालेले. त्यांनी आधीच सांगितले, "बारीक तार सातव्या पडद्यावर झणझणते. दोन चाव्या बदलाव्या लागतील. मान मात्र सरळ आहे, पाहून घ्या."

ते पाहायला आम्ही मुद्दाम त्या जुन्या विद्यार्थ्याला सोबत नेले होते. तो आता नोकरी करून शिकतो. पहिल्या वाद्याचा दोष आम्ही त्याला सांगितला होता आणि क्षमाही मागितली होती. त्यावर तो केवळ हसला होता. त्या दिवशी त्याने वाद्य डोळ्यांसमोर धरले, कार्डे लावून पाहिली, बाराव्या पडद्यावर बोट टेकवून छेडले, मग दाबून छेडले. दोन्ही स्वर एक आले. त्याने पुन्हा तेच केले, मग तिसऱ्यांदा केले. त्यानंतर तो बराच वेळ वाजवत बसला आणि आम्ही भावाचे बोलणे लांबवत राहिलो.

खुंटीवरचे पहिले मेंडोलिन आम्ही टाकून दिलेले नाही. संगीताच्या नव्या विद्यार्थ्यांना आरंभी तेच हाती देतो आणि त्यातले दोष शोधायला सांगतो. चांगले वाद्य त्यानंतर. आपल्यापैकी कोणाला शाळेसाठी किंवा आपल्या मुलासाठी जुने वाद्य घ्यायचे असेल, तर पैसे देण्याआधी ते रविवारी सकाळी संगीतकक्षात घेऊन यावे. फूटपट्टी आणि कार्डे तिथे ठेवलेली आहेत, आणि तपासणारी मुलेही.